मदत हवी आहे: सासरे, पूजेची फुलं आणि कमरेला पिस्तूल लावणारा शेजारी (टेक्सस)

मंडळी, इथे बरीच वर्षं राहिलेल्यांनी आणि कायदा कळणाऱ्यांनी प्लीज सांगा, मला दोन रात्री झोप नाहीये.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो, नवरा एच वन बीवर (नोकरीचा तात्पुरता व्हिसा), मी एच फोरवर (त्याच्या बायकोला मिळतो तो). सासूसासरे गणपतीच्या आधी साताऱ्याहून आलेत. बाबांना पहाटे पाचला जाग येते, साडेपाचला फिरायला बाहेर आणि येताना पिशवीत फुलं. मला वाटलं पार्कमधली असतील. तर नाही, लोकांच्या अंगणातली! आपल्याकडे कंपाउंडबाहेर आलेली फांदी म्हणजे देवाचीच, फार तर कोणी काकू खिडकीतून ओरडणार. इथे पुढच्या बाजूला कंपाउंडच नसतं त्यामुळे बाबांच्या हिशोबाने सगळीच झाडं रस्त्यावरची. आणि हातात छत्री, वाकड्या मुठीची, फांदी ओढायला.

परवा एका घरापुढे जास्वंद तोडत होते तर मालक बाहेर आला. कमरेला होल्स्टर, पिस्तूल लांबूनही दिसेल असं. काय चाललंय विचारलं, तर बाबा "गुड मॉर्निंग, फ्लॉवर, गॉड" म्हणाले आणि पिशवी दाखवायला दोन पावलं पुढे गेले. तो ओरडला स्टॉप, हात कमरेकडे. बाबांना ऐकायला कमी येतं. नशीब की छत्री हातातून पडली, मग त्याच्या लक्षात आलं. म्हणे अंधारात मला रायफल वाटली, सॉरीही म्हणाला. बाबांनी घरी येऊन हे गंमत म्हणून सांगितलं, "अगं पोलीसच असणार तो, चांगला माणूस आहे."

पोलीस नाहीये तो! मी त्याला संध्याकाळी कुत्र्याला फिरवताना पाहिलंय, तेव्हाही पिस्तूल कमरेलाच.

तर असं राजरोस लावून फिरणं चालतं का, आणि हात कमरेकडे नेला ही धमकी धरतात का, तक्रार करायची तर पोलिसात की एचओएत (इथली घरमालकांची सोसायटी), की तक्रार केली तर उलट बाबांवरच चोरी येईल, हे काहीच कळेना. त्यात नवऱ्याने नवीन खूळ काढलंय की आपणही एक गन घरात ठेवू, त्याचा एक सिटीझन मित्र घेऊन द्यायला तयार आहे. सातारला एका ओळखीच्यांकडे लायसन्सचं पिस्तूल होतं, निवडणूक आली की बिचारे ते पोलीस स्टेशनला जमा करायला जायचे, एवढाच माझा बंदुकीशी संबंध.

जुना_डलासकर
वकील नाही, पण २००१ पासून इथे आहे. शेजाऱ्याने काही मोडलेलं दिसत नाही. पिस्तूल उघड लावायला इथे २०१६ पासून लायसन्सवर परवानगी होती, १ सप्टेंबर २०२१ पासून बहुतेकांना लायसन्सही लागत नाही, फक्त दिसत असेल तर होल्स्टरमध्ये हवं. रायफलला तर आधीपासूनच लागत नव्हतं. चारचौघांत मुद्दाम घाबरवायला बंदूक काढून दाखवणं हा गुन्हा आहे, पण इथे तो स्वतःच्या दारात होता आणि त्याने काढलीही नाही.

मला काळजी वेगळीच वाटते. टेक्ससच्या पीनल कोडमध्ये ९.४२ म्हणून कलम आहे, त्यात रात्रीच्या वेळची चोरी थांबवायला जीवघेणा बळाचा वापरही बसतो. अटी आहेत, दुसऱ्या कुठल्या मार्गाने वस्तू वाचली किंवा परत मिळाली नसती असं त्याला वाटायला वाजवी कारण हवं वगैरे. चार जास्वंदींसाठी हे ज्युरीला पटणं कठीण, पण ज्युरी बसते ती नंतर. आणि रायफल वाटली म्हणाला ना, मग फुलांचा प्रश्नच उरत नाही, ते स्वसंरक्षण झालं. २००७ पासून इथे आधी मागे हटायचं बंधनही नाही.

लुइझियानात १९९२ ला १६ वर्षांचा जपानी एक्स्चेंज स्टुडंट हॅलोविन पार्टीला निघाला होता, चुकून दुसऱ्याच घरी गेला. मालक "फ्रीज" (जागीच थांब) म्हणाला, पोराला ते कळलं नाही, पुढे गेला, गोळी लागून मेला. मालक निर्दोष सुटला. सिव्हिल दावा हरला नंतर. बाबांना ही गोष्ट सांगा, आणि गंमत म्हणून नाही.

चकली
नवऱ्याला आधी आवरा!! नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर फेडरल (केंद्राच्या) कायद्याने बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही, एच वन आणि एच फोर दोन्ही त्यात आले. हंटिंग लायसन्सचा अपवाद आहे पण इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. मित्राने स्वतःसाठी म्हणून घेऊन तुम्हाला देणं म्हणजे स्ट्रॉ परचेस, २०२२ पासून त्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तोही आत जाईल. ग्रीन कार्ड झाल्यावर काय ते ठरवा.

रानडुक्कर
माझ्याकडे ग्रीन कार्ड, लायसन्स आणि पिस्तूल तिन्ही आहे. तुम्हाला दिसलं म्हणून भीती वाटली, ग्रोसरीत मागे उभा असलेल्याच्या शर्टाखालचं दिसत नाही एवढंच. उघड लावलं की चोर दुसरं घर बघतो. शेजाऱ्याने गोळी झाडली नाही याचं क्रेडिट कोणी देईना.

जुना_डलासकर
@रानडुक्कर, जुलै २०१६ ला आपल्याच डाउनटाउनमध्ये मोर्चावरच्या पोलिसांवर गोळीबार झाला, ५ पोलीस गेले. मोर्चात बरेच जण कायदेशीर रायफली लावून आले होते. पोलिसांनी त्यातल्याच एकाचा फोटो संशयित म्हणून ट्विटरवर टाकला, त्याचा काही संबंध नव्हता, त्याने स्वतः रायफल पोलिसांच्या हातात दिली. उघड लावलेली बंदूक चांगल्या माणसाची की वाईट, हे गोंधळात कोणी ओळखायचं? आपल्या मंडळाच्या गणपतीला दारावर ३०.०६ आणि ३०.०७ च्या पाट्या (लपवलेलं किंवा उघड पिस्तूल आत आणायला बंदी), इंग्लिश आणि स्पॅनिश दोन्हीत, इंचभर अक्षरांच्या, त्या उगाच लावत नाही आम्ही.

धागाकर्ती
सगळ्यांना थँक्यू. तक्रार करत नाहीये. काल संध्याकाळी उजेडात मी, नवरा आणि बाबा मोदक घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने पोर्चमध्ये बसवलं, आईस्ड टी दिला, पिस्तूल कमरेलाच होतं आणि माझं सगळं लक्ष तिकडेच. त्याची बायको म्हणाली सकाळी सातनंतर बेल वाजवून हवी तितकी फुलं न्या. बाबा आता उजाडल्यावरच जातात, छत्री मी लपवलीय, कानाच्या मशीनचं अजून ऐकत नाहीत. गनचा विषय नवऱ्याने सोडला, १५ वर्षं वाचून.

बाबांनी नर्सरीतून स्वतःची जास्वंद आणलीय, लाल. डॅलसच्या थंडीत बाहेर टिकते की कुंडी आत घ्यावी लागते?