समुपदेशन केंद्रासाठी ईमेल सेवा कशी निवडावी? गोपनीयता हवी आणि अडकून पडायचे नाही

धंतोली_केंद्र

नमस्कार. नागपुरात धंतोलीत आमचे महिलांना समुपदेशन आणि कायदेविषयक मदत देणारे एक छोटे केंद्र आहे. शहरातील महिला बहुधा प्रत्यक्ष येतात. काटोल, उमरेड, रामटेककडच्या मात्र बऱ्याचदा आधी ईमेल करतात आणि त्यासोबत दवाखान्याचे कागद, पोलिस तक्रारीची प्रत, कधी मुलांचे दाखलेही पाठवतात. हा सगळा पत्रव्यवहार आजवर एका मोठ्या कंपनीच्या मोफत खात्यावर चालला आणि त्या खात्याचा पासवर्ड केंद्रातील सर्वांकडे आहे. मध्यंतरी ‘संशयास्पद वापर’ असे कारण दाखवून ते खाते बंद करण्यात आले. काही दिवसांनी ते पुन्हा सुरू झाले. परंतु तोवर दाद कोणाकडे मागावी हेच कळत नव्हते, आणि या काळात कोणी मदतीसाठी लिहिले असेल तर तिला उत्तर मिळणार नाही, या काळजीने आम्ही सर्वजणी अस्वस्थ होतो.

आता आम्हाला अशी सेवा हवी आहे, जी आमच्या पत्रांतून जाहिरातींसाठी माहिती गोळा करणार नाही, जिच्यासाठी ठरावीक ॲपच वापरण्याची सक्ती नसेल आणि जी सोडताना जुनी पत्रे सोबत नेता येतील. केंद्रातील संगणकांवर लिनक्स आणि थंडरबर्ड (ईमेल वाचण्याचा प्रोग्रॅम) आहे. महिन्याला काहीशे रुपये खर्च करण्याची तयारी आहे. प्रोटॉन आणि टुटा या ईमेल सेवांची नावे वारंवार ऐकू येतात. त्या आमच्या कामाला योग्य ठरतील का? शिवाय एक स्वयंसेवक केंद्रातच स्वतःचा सर्व्हर ठेवावा असे सुचवत आहेत. त्याबद्दलही जाणकारांचे मत हवे आहे.

प्रतापनगर_मुक्तस्रोत

ताई, यात दोन वेगळे प्रश्न आहेत. आपली पत्रे आपल्या पसंतीच्या प्रोग्रॅमने वाचता येतात का, हा एक. आणि सेवा देणाऱ्याला त्यातील मजकूर दिसतो का, हा दुसरा. अनेक ठिकाणी केवळ दुसऱ्याचीच चर्चा होते, म्हणून आधी पहिल्याबद्दल लिहितो.

ईमेल एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर ज्या एसएमटीपी नियमांनी जाते, ते १९८२ पासून खुले आहेत. त्यांवर कोणत्याही कंपनीची मालकी नाही. सेवा आयमॅप (सर्व्हरवरची पत्रे आपल्या पसंतीच्या प्रोग्रॅममध्ये आणण्याची पद्धत) देत असेल, तर आपण थंडरबर्डमधून पत्रे वाचू शकतो आणि ती आपल्याच संगणकावर उतरवूनही ठेवू शकतो. याउलट सेवा ब्राउझरमध्ये उघडली, की तिचा जावास्क्रिप्ट प्रोग्रॅम आपल्या संगणकावर चालतो, आणि त्याचा स्रोत (मूळ कोड) खुला नसेल तर तो काय करतो हे आपल्याला तपासता येत नाही. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ईमेल सेवांचा विचार करताना याच मुद्द्याला महत्त्व देते, आणि मला ते पूर्णपणे पटते.

प्रोटॉन आणि टुटा या दोन्हींच्या ॲपचा स्रोत खुला आहे आणि साठवलेला मजकूर कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणारा) असल्याने तो कंपनीला वाचता येत नाही. परंतु त्याच रचनेमुळे थंडरबर्ड त्यांना थेट जोडता येत नाही. प्रोटॉनसाठी ‘ब्रिज’ नावाचा प्रोग्रॅम आपल्या संगणकावर चालवावा लागतो आणि तो केवळ सशुल्क ग्राहकांना मिळतो. टुटामध्ये आयमॅप अजिबात नाही.

तुमच्या केंद्राने स्वतःचे डोमेन (ईमेल पत्त्यातील @ नंतरचे नाव) घ्यावे आणि ते आयमॅप देणाऱ्या सशुल्क सेवेला जोडावे, असे माझे मत आहे. जर्मनीतील पोस्तेओ महिन्याला १ युरो घेते आणि जाहिराती दाखवत नाही. मात्र तिथे स्वतःचे डोमेन जोडता येत नाही, म्हणून तुमच्यासाठी मेलबॉक्स डॉट ऑर्ग अधिक सोयीची. या दोन्ही सेवांत आणखी एक सोय आहे, जिची चर्चा फारशी होत नाही. ओपनपीजीपी या पत्रे कूटबद्ध करण्याच्या पद्धतीतील आपली सार्वजनिक किल्ली (जिने पत्र बंद करता येते, उघडता येत नाही) त्यांना दिली, तर आलेले पत्र साठवण्यापूर्वीच ते कूटबद्ध करून ठेवतात, आणि नंतर ते केवळ आपल्या खासगी किल्लीनेच उघडते. थंडरबर्डमध्ये २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून ओपनपीजीपी अंगभूत आहे, त्यामुळे वेगळे काही बसवावे लागत नाही. पत्र सर्व्हरवर पोहोचते त्या क्षणी ते उघडेच असते ही मर्यादा राहते, आणि खासगी किल्ली हरवली तर जुनी पत्रे कायमची गेली, म्हणून तिची प्रत कुलूपबंद कपाटात ठेवावी.

डोमेनवरचा खर्च मात्र कोणत्याही परिस्थितीत टाळू नका. तुमचे खाते बंद पडले तेव्हा पत्ताही त्या कंपनीचाच असल्याने तुमच्या हाती काहीच उरले नाही. डोमेन स्वतःचे असते, तर त्याची एमएक्स नोंद (त्या डोमेनची पत्रे कोणत्या सर्व्हरकडे जावीत हे सांगणारी नोंद) बदलून त्याच पत्त्यावर येणारी नवी पत्रे दुसऱ्या सेवेकडे वळवता आली असती.

केंद्रात सर्व्हर ठेवू नये. साध्या ब्रॉडबँड जोडणीवर बाहेर जाणारे पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना पत्रे पाठवतात तो मार्ग) बऱ्याचदा बंद असते, आयपी पत्ता (इंटरनेटवरील जोडणीचा क्रमांक) स्थिर नसतो, आणि अशा पत्त्यावरून गेलेली पत्रे मोठ्या कंपन्या स्पॅममध्ये टाकतात. मे महिन्यातल्या वादळात वीज गेली, तर सर्व्हर कोण सुरू करणार, हा प्रश्न वेगळाच.

सिव्हिललाइन्स_अधिवक्ता

वरील सल्ल्याला कायद्याच्या बाजूने थोडी पुस्ती जोडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत अधिकार ठरवला. तरीही सेवा कोणत्याही देशातील असो, तिला तेथील न्यायालयाचे आदेश पाळावे लागतात. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधील आदेशानंतर प्रोटॉनने फ्रान्समधील एका पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता अधिकाऱ्यांना दिला. पत्रांचा मजकूर मात्र देता आला नाही, कारण तो वाचण्याची किल्लीच कंपनीकडे नव्हती. २०१३ मध्ये अमेरिकेतील लावाबिट या ईमेल सेवेच्या चालकाने ग्राहकांची गोपनीयता मोडण्यापेक्षा सेवाच बंद केली. म्हणून ‘ही कंपनी माझी माहिती देईल का’ असे विचारण्याऐवजी ‘तिच्याकडे माझी कोणती माहिती साठलेली आहे’ असे विचारावे.

आपल्या देशातील एक घटनाही लक्षात घ्यावी. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रोटॉन मेल भारतात रोखण्यासाठी पावले उचलण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले. पुढे काहीही होवो, ज्या सेवेवर पक्षकारांचा पत्रव्यवहार अवलंबून आहे ती अचानक उघडेनाशी होऊ शकते, हे गृहीत धरूनच व्यवस्था करावी. डोमेनबद्दलच्या मताशी मी त्यामुळे पूर्णपणे सहमत आहे.

आणि सामाईक पासवर्ड आजच बंद करा. प्रत्येकीला स्वतंत्र खाते द्या. एखादी सहकारी काम सोडून गेली, तर तिच्यापुरताच प्रवेश बंद करता आला पाहिजे.

महाल_कार्यकर्ती

ताई, मी याच क्षेत्रात काम करते, त्यामुळे पत्राच्या दुसऱ्या टोकाबद्दल लिहिते. तुमची बाजू कितीही सुरक्षित केली, तरी उत्तर जाते त्या महिलेच्या फोनवर, आणि तो फोन अनेक घरांत एकटीचा नसतो. फोन ओट्यावर पडलेला असतो, सासू किंवा नवरा शेजारी असतो, आणि पडद्यावर सूचना उमटते: पाठवणाऱ्याचे नाव, त्याखाली विषयाची ओळ, त्याखाली पहिले काही शब्द. ‘पोटगीच्या अर्जाबाबत’ एवढे दोन शब्दही त्या घरात मोठा प्रसंग ओढवू शकतात. मजकूर कूटबद्ध होता की नाही, याला तिथे काही अर्थ उरत नाही.

ओपनपीजीपीच्या नेहमीच्या वापरात मजकूर झाकला जातो. पाठवणारा, घेणारा आणि तारीख उघडीच राहते, आणि विषयाची ओळही बऱ्याचदा उघडी राहते. प्रोटॉनमध्येही विषयाच्या ओळीला मजकुरासारखे संरक्षण नाही; टुटा आपल्या ग्राहकांमधील पत्रांत ती झाकते. पण रामटेकच्या महिलेचे खाते कोणत्याही सेवेवर असू शकते, तेव्हा यावर उपाय आपणच करायचा. डोमेनच्या नावात महिला, कायदा, समुपदेशन यांपैकी काहीही येऊ देऊ नका; पाठवणाऱ्याचे नावही तसेच साधे ठेवा. विषयाची ओळ ‘आपले पत्र मिळाले’ एवढीच असावी आणि पहिल्या दोन ओळींत कामाचा उल्लेख नसावा. पहिल्याच भेटीत किंवा फोनवर ‘या पत्त्यावर उत्तर पाठवलेले चालेल ना, तुमचा फोन आणखी कोण पाहते?’ हे विचारून घ्या. काही महिला सांगतात, की उत्तर पाठवूच नका, मी स्वतः येईन. ते पाळावे.

धंतोली_केंद्र

सर्वांचे मनापासून आभार. महालच्या ताईंनी लिहिलेले वाचून आम्ही आज दुपारीच उत्तरांचे नमुने बदलायला घेतले. सर्व्हरचा विचार सोडला आहे. डोमेन घेताना आणि जुनी पत्रे हलवताना काय जपावे, एवढे कृपया सांगावे.

प्रतापनगर_मुक्तस्रोत

डोमेन संस्थेच्या नावावर नोंदवा, स्वयंसेवकाच्या वैयक्तिक खात्यावर नको; आणि शक्य असेल तर काही वर्षांचे शुल्क एकदमच भरा. नूतनीकरण राहिले आणि ते डोमेन दुसऱ्याने घेतले, तर महिलांची पत्रे त्याच्या हाती पडतील. याच कारणाने डोमेनच्या खात्याशी जोडलेला संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा.

पत्रे हलवण्यासाठी थंडरबर्डमध्ये जुने आणि नवे अशी दोन्ही खाती आयमॅपने जोडा आणि एकेक फोल्डर नव्या खात्यात कॉपी करा. कॉपी झाल्यावर दोन्हीकडील संख्या जुळते का आणि जोडलेले कागद उघडतात का, हे पाहिल्याशिवाय जुने काही पुसू नका. ज्या संगणकांवर पत्रे उतरणार आहेत, त्यांच्या डिस्क कूटबद्ध असाव्यात. लिनक्स बसवतानाच तसा पर्याय मिळतो. जुने खाते किमान वर्षभर चालू ठेवा आणि रोज तपासा, कारण तो पत्ता कोणत्या कागदावर लिहून कोणी जपून ठेवला असेल, हे आपल्याला ठाऊक नसते. मात्र त्यावर आपोआप जाणारे ‘आमचा पत्ता बदलला आहे’ असे उत्तर लावू नका. वर ताईंनी सांगितलेली सूचना त्यानेही त्या फोनवर उमटेल.