मदत हवी आहे : मिरज, नृसिंहवाडी, कुरुंदवाड, खिद्रापूर – एकटीने, एसटीने, दोन दिवस

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरची, शिवाजी पेठेत राहते, बँकेत नोकरी करते. दुसऱ्या शनिवारला जोडून रविवार मिळतो. दिवाळी झाली की त्या दोन दिवसांत जवळची जुनी गावं एकटीने बघायची आहेत. गाडी चालवत नाही, त्यामुळे एसटी, रेल्वे आणि अडलंच तर रिक्षा.

घरचे म्हणतात, पन्हाळ्याला जा की, हाकेच्या अंतरावर आहे. पन्हाळा मला जिवापाड आवडतो, 2025 मध्ये तो जागतिक वारशाच्या यादीत गेला तेव्हा फार आनंद झाला. पण तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना बघून माणूस जेवायला घरी परत येतो. मला एखाद्या लहान गावात मुक्काम करायचा आहे. दुपारी उतरून फोटो काढून निघालं की फक्त देऊळ बघून होतं, गाव राहूनच जातं. बाजार उठतो कधी, नदीवर संध्याकाळी कोण येऊन बसतं, सकाळी पहिली दुकानं कुठली उघडतात, हे रात्री राहिल्याशिवाय कळत नाही असं माझं ठाम मत आहे. म्हणून लांबचं औंध, सावंतवाडी बाजूला ठेवलं आणि कृष्णाकाठचाच एक तुकडा धरला.

बेत असा : शनिवारी सकाळी एसटीने नृसिंहवाडी, तिथे सामान टाकून खिद्रापूर, मुक्कामाला परत वाडीत. रविवारी कुरुंदवाड, मग मिरज, आणि संध्याकाळच्या रेल्वेने कोल्हापूर.

अडचण मुक्कामाची आहे. एका तीर्थक्षेत्री भक्तनिवासात 'एकट्या व्यक्तीला खोली देत नाही' असं ऐकून मला रात्रीच्या बसने घरी यावं लागलं होतं. आधारकार्ड होतं, पैसे भरायची तयारी होती, तरी नाही म्हणजे नाही. वाडीत तसं होतं का? दुसरं, खिद्रापूरहून परतीची एसटी मिळते का, की रिक्षा ठरवूनच जावं? आणि कुरुंदवाडात पटवर्धनांच्या संस्थानाच्या काळातलं काय बघावं?

प्रतिसाद – वाडीची माहेरवाशीण

ताई, मंदिराजवळच्या काही धर्मशाळांत अजूनही कां-कू करतात, हे खरं आहे. पण वाडीत पुजारी मंडळींच्या घरी भक्तांच्या उतरण्याची सोय असते, ती बघा. घरात बायामाणसं असतात, जेवणाचंही होऊन जातं. आधी फोन करून 'एकटीच येणार आहे' हे पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे दारात उभं राहून वाद नको. पौर्णिमा टाळा, त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. गुरुवारी तसंच. पहाटे घाटावर नक्की जा, कृष्णा-पंचगंगेचा संगम तेव्हा बघण्यासारखा असतो. आणि येताना बासुंदी, कवठाची बर्फी घ्यायचीच.

दिवाळीनंतरचं ठरवलंत ते उत्तम. पावसाळ्यात नदी चढली की पाणी देवळात शिरून थेट दत्ताच्या पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडतं, त्या दक्षिणद्वार सोहळ्याला लोक लांबून येतात. पण 2005, 2019, 2021 चा महापूर ज्यांनी घरात बघितलाय ते आम्ही पाहुण्यांना त्या दिवसांत या म्हणत नाही.

प्रतिसाद – शिरोळकर

खिद्रापूरला कुरुंदवाड स्टँडवरनं एसटी आहे. वेळा तिथंच विचारा, आणि उतरताना कंडक्टरला परतीची शेवटची गाडी विचारून ठेवा. संध्याकाळवर अजिबात ढकलू नका. तुम्ही येणार तेव्हा ऊसतोड सुरू झालेली असते, अंधार पडला की उसाच्या ट्रॉल्या मागचा दिवा नसताना रस्त्यावर असतात. मी गाववाला असूनही सहानंतर त्या रस्त्याला जात नाही.

तिथल्या कोपेश्वर मंदिराला दोन तास तरी द्या. 12व्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं काम आहे. आधी स्वर्गमंडपात उभं राहून वर बघा : छताला मधोमध गोल मोकळा सोडलाय आणि खाली बारा खांबांचं कडं त्याला धरून आहे. ऊन चढलं की तो उजेड खांबांवरनं सरकत जातो. एकाच खांबात चौकोन, अष्टकोन, वर्तुळ कसं उतरवलंय ते हात न लावता जवळनं बघा. मग बाहेरनं प्रदक्षिणा घाला, खाली हत्तींची रांग आहे, देवळाचा सगळा भार त्यांच्या पाठीवर. दक्षिणेकडं यादव राजा सिंघणाचा शिलालेख आहे, तो बरेच जण न बघताच जातात.

कोपेश्वरापुढं नंदी नाही. सती नंदीवर बसून दक्षाच्या यज्ञाला गेली, म्हणून तो इथं नाही, नदीपलीकडं कर्नाटकात यडूरला आहे, असं आमच्याकडं सांगतात. कोपलेल्या शंकराची समजूत काढायला विष्णू आला, तो धोपेश्वर म्हणून गाभाऱ्यात सोबत आहे. गावात जुनं जैन मंदिरही आहे, तिथं जाऊन या.

कुरुंदवाडात नदीचा घाट बघा आणि संताजी घोरपड्यांची समाधी. वाडे बाहेरूनच, आत माणसं राहतात. या गावात काही मशिदींत गणपती बसतो आणि मोहरमला सगळे मिळून असतात, ते चहाच्या गाड्यावर विचारा, लोक मनापासून सांगतील.

प्रतिसाद – मिरजकर

मिरज रविवारी संध्याकाळी उरकण्यासारखी नाही. तंतुवाद्यांचं काम चालू असताना बघायचं असेल तर शनिवारीच या, आणि इथूनच सुरुवात करा. सतारमेकर गल्लीत भोपळ्यापासून सतार, तंबोरा होताना दिसतो. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, लाकूड तुणाचं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पिढ्यान्‌पिढ्या हेच करणारी घरं आहेत. विचारून आत जा, हातातलं काम थांबवायला लावू नका, व्हिडिओ काढायचा तर परवानगी घ्या. तिथून मीरासाहेब दर्ग्यात जा, किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर त्याच आवारात आहे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. मिरजकर, तुमच्यामुळे बेत उलटा केला. शनिवारी सकाळी कोल्हापूरहून रेल्वेने मिरज (1891 पासूनचा हा लोहमार्ग, आणि मी त्यावरून फक्त पुण्याला जाताना गेले आहे), दुपारपर्यंत वाद्यांची गल्ली आणि दर्गा, मग उजेड असेतोवर वाडी. रविवारी पहाटे घाट, नंतर कुरुंदवाड, तिथून खिद्रापूर, आणि दुपारीच परत. कुरुंदवाडला वेळ थोडा कमी पडेल, पण खिद्रापूरचे दोन तास कापणार नाही.

माहेरवाशीणताई, तुम्ही सांगितलं तसा फोन करते. पौर्णिमा तपासली, माझ्या तारखांना नाही.

आता एवढंच सांगा : मिरजेहून वाडीला थेट एसटी धरावी की जयसिंगपूरला बदलावी? दुपारी चारच्या सुमारास निघेन. आणि रविवारी खिद्रापूरहून कोल्हापूरला येताना इचलकरंजीमार्गे बरं पडतं की पुन्हा वाडीवरूनच?