लाल मण्याच्या आतला पांढरा थर

लाल मणी छिद्रापाशी आतून पांढरा दिसतो, म्हणजे वरून रंग चढवलाय का, असा प्रश्न पडतो. तसं नाही, ती दोन थरांची काचच आहे. व्हेनिसहून आफ्रिकेत आणि अमेरिकेत असा माल भरभरून जात असे. 17व्या शतकापासूनच्या जुन्या मण्यांत विटकरी, अपारदर्शक लाल काचेखाली हिरवट गाभा असतो. पांढरा गाभा साधारण 1830 नंतरचा. त्यामुळे पांढऱ्या गाभ्याचा मणी कुणी '1600 सालचा' म्हणून विकत असेल तर सरळ नाही म्हणा.

मणी कसा बनवलाय हे कळायला दहापट भिंगाखाली काचेतले बुडबुडे बघा. ते छिद्राला समांतर, लांबट असतील तर तापलेल्या काचेची पोकळ नळी ओढून तिचे तुकडे केलेत. छिद्राभोवती वळसे घेत असतील तर वितळलेली काच तारेवर गुंडाळलीय. दोन्ही पद्धती जुन्याच, एवढ्यावरून वय ठरत नाही. वय कळतं ते झिजेवरून: शेजारच्या मण्याशी घासून टोकं सपाट होतात, छिद्राची कड गुळगुळीत होते. गुंडाळलेल्या मण्याच्या छिद्रात पांढरी भुकटी भरपूर असेल तर माल बहुधा नवा, काच तारेला चिकटू नये म्हणून लावलेल्या लेपाची ती खूण.

धुवायला कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे, व्हिनेगर अजिबात नको. मणी हाताला चिकट लागला तर काचेतला क्षार बाहेर येतोय. तो बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, ओल कोंडून काच आणखी बिघडते.