मदत हवी आहे: नवं फीचर आधी की जुनी स्क्रीन दुरुस्त करू?

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी आठ महिन्यांपासून प्रॉडक्ट मॅनेजर आहे, त्याआधी टेस्टिंगमध्ये होते. आमचं ॲप द्राक्ष बागायतदारांसाठी आहे. फवारणीची नोंद, औषधाचा पीएचआय (म्हणजे फवारणीनंतर काढणीआधी किती दिवस थांबायचं ते) वगैरे. निर्यातीच्या मालाला या नोंदी लागतातच.

गेल्या आठवड्यात निफाडकडच्या एका बागेत गेले होते. दादांनी ॲप उघडलं, औषधाचं नाव शोधत यादी खाली-वर केली, मग मोबाइल खिशात टाकला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने तारीख लिहिली. फार वाईट वाटलं.

सेल्सवाल्यांना मात्र ऑक्टोबर छाटणीआधी हवामानाच्या इशाऱ्याचं नवं फीचर हवंय. डेव्हलपर तीनच, त्यामुळे दोन्ही होणं शक्य नाही. नोंदच होत नसेल तर इशारा देऊन काय उपयोग, असं माझं ठाम मत आहे. पण साहेब म्हणतात, एका बागेवरून ठरवू नकोस, आकडे दाखव. तेही बरोबरच आहे.

कोणी असं पटवून दिलंय का? किती शेतकऱ्यांना भेटलं म्हणजे पुरे? नोंद अर्धवट सोडणाऱ्यांचा आकडा काढला तर पुरेल का? शुक्रवारी मीटिंग आहे, प्लीज लवकर सांगा.