मदत हवी आहे: मोबाइल गेटवेवरून येणारे कॉल अर्ध्या मिनिटात कट होतात, समोरच्याचा आवाजही येत नाही

टेबलफोन
नमस्कार मंडळी. ऑफिसात अ‍ॅस्टरिस्क १८ (फोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर) आहे, पीजेसिप या त्याच्या सिप भागावर. (सिप म्हणजे नेटवर्कवरून कॉल जोडण्या-तोडण्याची पद्धत.) त्याला चार सिमचा गेटवे (मोबाइलचे कॉल सिपमध्ये आणणारं यंत्र) सिप ट्रंकने, म्हणजे सिपच्या कॉलजोडणीने, जोडलेला आहे. मागच्या आठवड्यात नेटवर्कची फेरमांडणी झाली आणि गेटवे १९२.१६८.१.२० वरून वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात), १९२.१६८.२०.५ वर गेला. अ‍ॅस्टरिस्क होता तिथेच आहे, १९२.१६८.१.१० वर. ट्रंकमध्ये नवा पत्ता टाकला. पिंग दोन्हीकडून चालतं, कॉलही लागतात. पण तेव्हापासून:

- मोबाइलवरून आत येणारा प्रत्येक कॉल उचलल्यानंतर अर्ध्या मिनिटाने कट होतो.
- आमचं बोलणं समोरच्याला ऐकू जातं, त्याचं आम्हाला नाही. बाहेर केलेल्या कॉललाही हेच, फक्त ते कट होत नाहीत.
- बाहेर केलेल्या कॉलवर समोरच्याने फोन ठेवला तरी आमच्याकडची लाइन अडकून राहते.
- पोर्ट ३ मध्ये दुसऱ्या कंपनीचं नवं सिम आहे. नोंदणी झालेली दिसते, रेंज १७, तरी त्यावरून कॉल केला की ५०३ (सेवा उपलब्ध नाही) येतो.

गेटवे रीस्टार्ट केला, सिमेट्रिक आरटीपी (आवाजाची पॅकेट जिथून आली तिथेच उत्तर पाठवणं) चालू करून पाहिलं. काही फरक नाही. इंटरनेटवरची दुसरी सिप ट्रंक आणि आतले फोन व्यवस्थित आहेत.

रेंजवाला
अँटेना घट्ट बसल्यात का बघा. वायफायची अँटेना चुकून लावली तर ती आट्यांत बसते, पण तिच्या मधोमध पिन नसते, त्यामुळे सिग्नल जेमतेम येतो. तुमचा आकडा १७ म्हणजे उणे ७९ डीबीएम (आकड्याची दुप्पट करून उणे ११३ मध्ये मिळवायची). हा चांगला आहे, त्यामुळे रेंजचा दोष वाटत नाही.

तारजोड
रेंजचा संबंध नाही. पहिल्या तिन्ही तक्रारी एकाच दोषाच्या आहेत. घड्याळ लावून मोजा, कॉल बरोबर ३२ सेकंदांनी कट होत असेल. सिपमध्ये २०० ओके (कॉल उचलल्याचा निरोप) पाठवल्यावर एसीके (त्याची पोच) आला नाही, तर पाठवणारा तो निरोप आधी अर्ध्या सेकंदाने, मग एका, दोन आणि चार सेकंदांनी पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि ३२ सेकंदांनी कॉल सोडून देतो. (पंधरा मिनिटांनी कट होत असता तर सेशन टायमरकडे, म्हणजे कॉल चालू आहे का हे अधूनमधून तपासणाऱ्या सोयीकडे, पाहायला सांगितलं असतं.)

कन्सोलवर 'पीजेसिप सेट लॉगर ऑन' करा, मोबाइलवरून एक कॉल आत घ्या आणि अ‍ॅस्टरिस्कने पाठवलेल्या २०० ओकेमध्ये दोनच ओळी बघा: कॉन्टॅक्ट (पुढचे निरोप कुठे पाठवायचे) आणि एसडीपीतली, म्हणजे आवाजाच्या तपशिलातली, 'सी' ची ओळ (आवाज कुठे पाठवायचा). तिथे कोणता पत्ता आहे?

टेबलफोन
दोन्हीकडे राऊटरचा सार्वजनिक पत्ता आहे! २०० ओके खरंच पुन्हा पुन्हा जातोय. मोजलं, ३२ सेकंदच.

तारजोड
मग सापडलं. ट्रान्सपोर्टमध्ये (पीजेसिपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये) 'लोकल नेट', म्हणजे आतलं नेटवर्क, म्हणून फक्त १९२.१६८.१.०/२४ (१९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते) लिहिलेलं असणार. गेटवे त्याबाहेर गेल्यामुळे अ‍ॅस्टरिस्क त्याला इंटरनेटवरचा समजतो आणि स्वतःचा बाहेरचा पत्ता देतो. गेटवे एसीके त्या पत्त्यावर पाठवतो आणि तो राऊटरपाशीच हरवतो. मोबाइलवरच्या माणसाचा आवाजही त्याच पत्त्यावर जातो, म्हणून तुम्हाला ऐकू येत नाही. बाहेर केलेल्या कॉलमध्ये एसीके अ‍ॅस्टरिस्क पाठवतो आणि तो नीट पोहोचतो, म्हणून ते कॉल टिकतात. पण समोरच्याने फोन ठेवल्यावर गेटवेचा बाय (कॉल संपल्याचा) निरोप पुन्हा बाहेरच्याच पत्त्यावर, त्यामुळे लाइन अडकते. सिमेट्रिक आरटीपीचा उपयोग झाला नाही कारण पॅकेट अ‍ॅस्टरिस्कपर्यंत येतच नाही. जे आलंच नाही त्याच्या मागे तो उत्तर कुठे पाठवणार?

त्याच ट्रान्सपोर्टमध्ये लोकल नेटची दुसरी ओळ टाका: १९२.१६८.२०.०/२४. पहिली तशीच ठेवा. बाहेरच्या पत्त्याची ओळ काढून टाकायचा मोह होईल, काढू नका. तुमची इंटरनेटवरची ट्रंक तिच्यावर चालते. आणि नुसतं रीलोड करून भागणार नाही, ट्रान्सपोर्टमधले बदल एरवी रीलोडने लागू होत नाहीत. कामाची वेळ संपल्यावर अ‍ॅस्टरिस्क पूर्ण रीस्टार्ट करा.

गेटवेच्या एंडपॉइंटला (पीजेसिपमधल्या त्याच्या नोंदीला) आरटीपी टाइमआउट (आवाजाची पॅकेट थांबल्यावर कॉल तोडण्याची मुदत) ६० सेकंद लावून ठेवा, म्हणजे पुढे कधी बाय हरवला तरी लाइन आपोआप सुटेल. फक्त त्याआधी गेटवेमधलं सायलेन्स सप्रेशन बंद करा. ते चालू असलं की समोरचा गप्प बसल्यावर पॅकेट थांबतात आणि चालू कॉलच कट होतो.

टेबलफोन
रीस्टार्ट केल्यावर तिन्ही तक्रारी गेल्या. सलग वीस मिनिटांचा कॉल टिकला, आवाज दोन्हीकडून स्वच्छ. टाइमआउटही लावला. आता पोर्ट ३.

रेंजवाला
गेटवे बंद करून ते सिम पोर्ट १ मध्ये टाका आणि पोर्ट १ चं तिकडे. दोष सिमबरोबर सरकला तर स्लॉट ठीक आहे. मग त्या पोर्टच्या एटी कन्सोलवर, म्हणजे मोबाइल मॉड्यूलला थेट आज्ञा द्यायच्या जागी, सीआरईजी आणि सीईआरईजी (नेटवर्कवरची नोंदणी सांगणाऱ्या आज्ञा) दोन्ही विचारा.

टेबलफोन
दोष सिमबरोबर सरकला. सीईआरईजी १ दाखवतं, सीआरईजी २. तेच सिम हँडसेटमध्ये मात्र चालतं, कॉलही होतात.

तारजोड
सीईआरईजी १ म्हणजे ४जीवर नोंद झाली. सीआरईजी २ म्हणजे जुन्या पद्धतीच्या व्हॉइससाठी मॉड्यूल अजून नेटवर्क शोधतंय. त्या कंपनीचं २जी किंवा ३जी तुमच्या जागी मिळत नसेल, तर आवाज फक्त व्होल्टीवरून (४जीवरच्या कॉल सेवेवरून) जाणार. हँडसेटला व्होल्टी येतं, म्हणून तिथे चालतं. गेटवेच्या पोर्ट सेटिंगमध्ये व्होल्टी किंवा आयएमएसचा (व्होल्टीमागच्या यंत्रणेचा) पर्याय आहे का बघा, असेल तर चालू करून मॉड्यूल रीस्टार्ट करा. पर्यायच नसेल तर उत्पादकाकडे तुमच्या मॉड्यूलसाठीच्या फर्मवेअरची चौकशी करा. मॉड्यूलच व्होल्टी करत नसेल तर अँटेना बदलून काही होणार नाही, त्या पोर्टला पहिल्या कंपनीचंच सिम घाला.

टेबलफोन
आयएमएसचा पर्याय होता, 'ऑटो' वर. सक्तीने चालू केला, मॉड्यूल रीस्टार्ट केलं, पोर्ट ३ वरून कॉल लागला. दोघांचेही मनापासून आभार.