कमला सोहोनींचे जुने निबंध

जळगावच्या प्राध्यापकांनी विचारलंय, की जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचे सुरुवातीचे शोधनिबंध मुलांना का सापडत नाहीत. सर, 'भागवत' या माहेरच्या नावाने शोधायला सांगा. लग्न झालं १९४७ साली. १९३९ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबिन हिल यांच्यासोबत सपुष्प वनस्पतींतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवर (पेशींच्या श्वसनातलं एक विकर) टिपण आलं, त्यावर भागवत हेच नाव आहे. त्याच वर्षी केंब्रिजची पीएचडी.

मला मात्र त्यांचं पुढचं, मुंबईतलं काम जास्त जवळचं वाटतं. कडधान्यांतल्या ट्रिप्सिन-रोधकांवर त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन निबंध लिहिले. हे रोधक प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडवतात. डाळ नीट शिजली की त्यांचा जोर बराच ओसरतो. आपल्या खानदेशात तर ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी घरोघरी! एम.एस्सी.च्या मुलांना प्रकल्पासाठी कळण्याचं कच्चं पीठ आणि तव्यावरून उतरलेली भाकरी, दोन्ही तपासायला द्या ना. केसिनवर (दुधातलं प्रथिन) ट्रिप्सिन सोडायचं, एका नळीत पिठाचा अर्क, दुसरीत भाकरीचा, तिसरीत कुठलाच अर्क नाही. न पचलेलं प्रथिन ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्लाने साकळवून गाळायचं आणि गाळलेल्या द्रावाचं प्रकाश-शोषण २८० नॅनोमीटर तरंगलांबीला मोजायचं. त्यासाठी क्युव्हेट (द्राव ठेवायची छोटी पारदर्शक कुपी) मात्र क्वार्ट्‌झचीच घ्या, साधी काच चालणार नाही.