मदत हवी आहे: विहिरीच्या दगडात सापडलेला हिरवट स्फटिक कोणता?
मंडळी, सिन्नरकडे मामाच्या विहिरीचं खोदकाम चाललंय, तिथल्या काळ्या दगडाच्या पोकळीत हा फिकट हिरवा स्फटिक मिळाला, चौकोनी खांबासारखा आणि टोकाला निमुळता, शेजारचे पीच रंगाचे पंख्यासारखे गुच्छ स्टिलबाइटचे (अशाच पोकळ्यांत वाढणारं एक खनिज) वाटतायत. व्हिनेगर टाकलं तर अजिबात फसफसत नाही म्हणजे कॅल्साइट (चुन्याचं खनिज) नसावं, क्वार्ट्झ (म्हणजे गारगोटी) म्हणावं तर काचेवर चरा पडत नाही, उलट सुरीनेच याच्यावर ओरखडा उठतो. एका ठिकाणी आडवा सपाट तुटलाय तिथे मोत्यासारखी झाक आहे, म्हणून मला अ‍ॅपोफिलाइट या अशाच पोकळ्यांत मिळणाऱ्या खनिजाचा संशय येतोय. मामा म्हणतो गारगोटी आहे, फेकून दे! कोणी खात्रीने सांगेल का? आणि वरची माती काढायला अ‍ॅसिड चालेल की नुसतं पाणी न ब्रशच बरं?